पेटीआधी फुलोरा

एप्रिलच्या मध्यावर पुण्यातल्या एखाद्या जुन्या रस्त्यावर भल्या सकाळी, रहदारी वाढण्यापूर्वी, करंजाच्या झाडाखाली उभे राहिले तर वरच्या फांद्यांमधून एकसुरी गुणगुण कानावर येते. जमिनीवर फिकट फुलांचा सडा पडलेला असतो आणि वर शेकडो माश्या कामात गढलेल्या असतात. गच्चीवर मधपेटी ठेवण्याची इच्छा असणाऱ्या प्रत्येकाने पेटीची चौकशी करण्याआधी वर्षभर ही गुणगुण कुठे, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस ऐकू येते याची नोंद ठेवावी, असे मला मनापासून वाटते. कारण पेटी गच्चीवर असली, तरी मधमाश्या जगतात त्या गच्चीबाहेरच्या झाडांवर.

त्या करंजावर काम करणाऱ्या माश्या सगळ्या एकाच जातीच्या नसतात. आकाराने सर्वांत मोठी आग्या माशी उंच फांद्यांना, पुलांच्या कमानींना किंवा इमारतींच्या सज्जांखाली एकच भलेमोठे उघडे पोळे लटकवते. फुलोरी माशी झुडपातल्या बारीक फांदीभोवती तळहाताएवढे पोळे बांधते. सातेरी मात्र अंधार पसंत करते. झाडाची ढोली, दगडी भिंतीतली पोकळी, क्वचित विजेच्या मीटरची पेटीसुद्धा तिला चालते, आणि तेथे ती एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. चौथी पोयाची माशी डासापेक्षा थोडी मोठी, नांगीचा उपयोग न उरलेली. जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या भेगेतून मेण आणि राळ यांची बारीक नळी बाहेर आलेली दिसली, तर ते तिचे दार समजावे. या चौघी येथल्याच. पाचवी युरोपीय मेलिफेरा माशी भारतात यशस्वीपणे स्थिरावली ती १९६२ च्या सुमारास, आज हिमाचल प्रदेशात असलेल्या नगरोटा येथे झालेल्या प्रयत्नांतून. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही त्याच वर्षी सुरू झाली, आणि शहरातल्या माणसाला पेटी हाताळण्याचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी आजही ती हक्काची जागा आहे.

पोयाची माशी बाजूला ठेवली, तर पेटीत राहू शकतात त्या अंधारात समांतर पोळी बांधणाऱ्या सातेरी आणि मेलिफेरा याच. आग्या आणि फुलोरी यांना पेटीत कोंडण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो, कारण त्यांचे पोळे एकच असते आणि ते उघड्यावरच लागते. १८५१ मध्ये अमेरिकेतील मधपाळ लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आले, की दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंत यांमध्ये साधारण ९ मिलिमीटरची फट ठेवली, तर माश्या ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. फट अरुंद असेल तर राळेने बुजवतात आणि रुंद असेल तर तेथे नवे पोळे बांधू लागतात. एका फटीच्या या मापावर उचलून पाहता येणाऱ्या चौकटींची आजची पेटी उभी आहे. त्यापूर्वी मध काढणे म्हणजे पोळे पिळणे, आणि त्यातील पिल्लेही मारणे होते. सातेरीची पेटी आकाराने लहान असते आणि तिच्या चौकटींतील अंतरही कमी असते, म्हणून मेलिफेराची पेटी आणून तीत सातेरी बसवू नये.

शहरासाठी या दोघींपैकी कोणती निवडावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सातेरी. मेलिफेराच्या वसाहतीत बहराच्या काळात ५० हजारांपर्यंत माश्या असतात, तिला फुलांचा मोठा साठा लागतो आणि तो संपला की पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरीच्या किंवा सूर्यफुलाच्या पिकाकडे न्याव्या लागतात. गच्चीवरची पेटी अशी हलवता येत नाही. सातेरीची वसाहत बरीच लहान असते, ती थोडक्या फुलांवर निभावते आणि येथल्या शत्रूंशी तिची ओळख जुनी आहे. जगभरच्या मेलिफेराला जेरीस आणणारा व्हरोआ हा गोचिडाच्या जातकुळीतला बारीक परजीवी मुळात सातेरीच्याच अंगावरचा आहे. ती तो एकमेकींच्या अंगावरून वेचून काढते, शिवाय तिच्या पोळ्यात तो प्रामुख्याने नरांच्या घरांतच वाढतो, त्यामुळे दोघांचे शतकानुशतके जमले आहे. गांधीलमाशी दारात आली तर सातेरीच्या कामकरी माश्या तिच्याभोवती गोळा होऊन आपल्या अंगाचे स्नायू थरथरवतात आणि त्या गोळ्यातील तापमान सुमारे ४६ अंशांवर नेतात. त्या उष्णतेत गांधीलमाशी मरते, माश्या मात्र वाचतात. सातेरीची दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पिल्लांना होणाऱ्या सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपल्या. आणि उपासमार झाली किंवा वारंवार त्रास दिला, तर ही माशी पेटी सोडून सरळ निघून जाते. दर दोन दिवसांनी कौतुकाने झाकण उघडणाऱ्या मालकाकडे ती टिकत नाही.

सिमेंटच्या गच्चीवर पहिली परीक्षा उन्हाची असते. पिल्ले वाढतात त्या भागाचे तापमान माश्या ३३ ते ३६ अंशांच्या दरम्यान राखतात आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा ४० च्या आसपास असताना हे काम सोपे नसते. त्या पाणी आणून पोळ्यांवर बारीक थेंबांनी पसरतात आणि पंखांनी वारा घालून ते उडवतात. येथे एक लहानसा फरक पाहण्यासारखा आहे: मेलिफेराच्या माश्या दाराकडे तोंड करून आतली हवा बाहेर ओढतात, तर सातेरीच्या माश्या दाराकडे पाठ करून बाहेरची हवा आत लोटतात. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीत मेण मऊ पडून पोळी चौकटीतून निसटतात आणि एका दुपारीत वसाहत बुडते. म्हणून पेटीला दुपारची सावली, उतरते झाकण, पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या आणि जवळच खडे घातलेल्या पसरट भांड्यात स्वच्छ पाणी लागते. हे पाणी आधीपासून नसेल, तर माश्या शेजाऱ्याच्या एसीखालच्या थेंबांवर जाऊ लागतात, आणि एकदा ती सवय लागली की मोडता येत नाही.

यापेक्षा कठीण परीक्षा फुलांची. सातेरी सहसा एक-दीड किलोमीटरच्या आत अन्न शोधते. एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळजवळ ३१४ हेक्टर जमीन, आणि तिच्यातले एखादे झाडही आपल्या मालकीचे असण्याचा संभव कमीच. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रामुख्याने या वर्तुळातील माहिती माश्या एकमेकींना कशी देतात हे उलगडल्याबद्दल. उभ्या पोळ्यावर नाचताना माशी ज्या कोनात सरळ रेषेत चालते, तो कोन सूर्याच्या संदर्भात फुलांची दिशा सांगतो आणि त्या चालीचा कालावधी अंतर सांगतो. पेटीतल्या माश्यांना गावाचा नकाशा ठाऊक असतो. आपण तो शिकायचा आहे.

पुण्यापुरता तो नकाशा साधारण असा मांडता येईल. पाऊस सरता सरता टेकड्यांवर तेरडा आणि सोनकी फुलतात, पडीक जागांत एकदांडी असते. हिवाळ्यात बागांतला कॉसमॉस, अंगणातली तुळस, निलगिरी आणि पुढे शेवगा यांच्यावर वसाहत वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि शिरीष, त्यानंतर जांभूळ, कडुनिंब, करंज असा खरा मधाचा हंगाम येतो, आणि मे महिन्यात सोनमोहर व बहावा परागकण पुरवतात. नारळाला बाराही महिने फुले असल्यामुळे जुन्या बंगल्यांच्या वस्त्या माश्यांना अधिक मानवतात. कुंपणावर चढवलेली गुलाबी अँटिगोननची वेल तर जवळजवळ कोणत्याही महिन्यात माश्यांनी भरलेली दिसते. यानंतर जून ते ऑगस्ट हा काळ टंचाईचा. पावसाची झड असताना माश्या बाहेर पडू शकत नाहीत, फुलांतला मकरंद धुऊन जातो, ओलसर पेटीत कमकुवत पोळ्यांना मेणकिडा लागतो. उन्हाळ्यात सगळा मध काढून घेतलेला असेल, तर या तीन महिन्यांत साखरेचा पाक देत राहूनही वसाहत तगेलच असे नाही. मेच्या शेवटी पेटीत पुरेसा मध ठेवणे ही शहरातल्या मधपाळाची सर्वांत महत्त्वाची सवय आहे.

रस्त्यांच्या कडेला हिरवळ दिसते म्हणून माश्यांना अन्न आहे असे समजू नये. दुभाजकांवर लावलेली बोगनवेल डोळ्यांना सुखावते, पण तिच्या रंगीत पानांमधल्या बारीक, लांब नळीच्या फुलांपासून मधमाशीला जवळजवळ काही मिळत नाही. आफ्रिकेतून आलेल्या पिचकारीच्या झाडाचे प्रकरण याहून गंभीर आहे. त्याच्या केशरी पेल्यासारख्या फुलांत पोयासारख्या नांगीहीन माश्या मेलेल्या आढळल्याच्या नोंदी ब्राझीलमधून आहेत. नगरपालिकेच्या वृक्षारोपणाच्या यादीत करंज, जांभूळ, शिरीष ही नावे वाढली, तर त्याचा लाभ कोणत्याही पेटीवाटपापेक्षा मोठा होईल.

शहराची हवाही फुलांइतकीच महत्त्वाची आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातील गीता तिम्मेगौडा, शॅनन ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या कमी-अधिक प्रदूषित भागांतून १,८०० हून अधिक जंगली आग्या माश्यांचा अभ्यास केला आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अधिक प्रदूषित जागी फुलांवर येणाऱ्या माश्या कमी होत्या. तेथून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक २४ तासांत मेल्या, त्यांच्या हृदयाची लय बिघडलेली होती आणि अंगावर सूक्ष्म कण चिकटलेले होते. इंग्लंडमधील प्रयोगांत डिझेलच्या धुराने मोहरीवर्गीय फुलाच्या गंधातील काही घटक नाहीसे होतात आणि माश्यांना तो गंध ओळखणे अवघड जाते, असेही दिसले आहे. आपल्याला घसा खवखवण्यापलीकडे जे जाणवत नाही, ते माशीसाठी वाट हरवणे असू शकते.

पॅरिसमध्ये गार्निए ऑपेराच्या छपरावर १९८० च्या दशकापासून पेट्या आहेत, आणि न्यूयॉर्कने २०१० मध्ये मधमाश्या पाळण्यावरील बंदी उठवली. या उदाहरणांनी जगभर उत्साह निर्माण झाला. पण त्याच शहरांतून पुढे सावधगिरीचे इशारेही आले. पॅरिसमध्ये झालेल्या अभ्यासात, जेथे आसपास पेट्या अधिक तेथे फुलांवर इतर परागवाहक कीटक कमी दिसले. स्वित्झर्लंडमधील १४ शहरांत २०१२ ते २०१८ या काळात पेट्यांची संख्या जवळपास तिप्पट झाली, त्या प्रमाणात हिरवे क्षेत्र मात्र वाढले नाही. पाळीव माशीची पेटी वाढवून निसर्ग वाचतो असे मानणे म्हणजे कोंबड्या पाळून रानपाखरे वाचवण्यासारखे आहे. आपल्याकडे हे विशेष लक्षात घ्यायला हवे, कारण शहरातल्या फुलांवर एकट्या राहणाऱ्या माश्यांचाही हक्क आहे. वांगी आणि टोमॅटो यांची फुले पराग सहज सोडत नाहीत. निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी किंवा काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा तो झडतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. गच्चीवरच्या तांबड्या भोपळ्याला, काकडीला आणि कारल्याला सकाळी मधमाशी उपयोगी पडते, पण दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात आणि पतंगांची वाट पाहतात. निळ्या पट्ट्यांची माशी उघड्या मातीत बीळ करते. सोसायटीच्या अंगणात कडेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, की तिचे घर गेले.

शेजाऱ्यांशी बोलणे हा मधमाशीपालनाचाच भाग मानावा. पेटीसमोर पुरुषभर उंचीची जाळी किंवा वेलीचा आडोसा उभारला, तर माश्या सुरुवातीलाच उंच उडतात आणि माणसांच्या वाटेत येत नाहीत. डंख मारताना माशी जे संकटाचे रसायन सोडते, त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, आणि त्या वासाने इतर माश्याही चवताळतात. म्हणून डंखाचा काटा लगेच नखाने खरवडून काढावा आणि तेथून शांतपणे दूर जावे. पेटी उघडताना दिलेला धूर या वासावर पांघरूण घालतो. थोड्या लोकांना डंखाची जीवघेणी ॲलर्जी असते, हे शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवणे हे कर्तव्यच आहे. आग्या मोहोळाचा प्रश्न वेगळा आहे, कारण ते पाळायचे नसते, सोसायचे असते. आग्याच्या वसाहती ऋतूप्रमाणे स्थलांतर करतात आणि फुलोरा संपला की पोळे रिकामे करून निघून जातात. ते उंचावर असेल, कोणी दगड मारत नसेल आणि रात्री त्याच्याजवळचे प्रखर दिवे बंद ठेवले, तर बहुतेक वेळा काही महिन्यांचे शेजारपण निभावते. धूर, ज्वाळा आणि कीटकनाशकाचे फवारे यांनी एका रात्रीत हजारो माश्या मारल्या, तर पुढच्या वर्षी तेथल्याच करंजावर त्यांची जागा रिकामी राहते.

एवढे जुळले आणि सातेरीची पेटी घरी आली, तर पहिल्या वर्षी मध काढण्याचा विचार सोडून एक वही घ्यावी. रोज सकाळी दहा मिनिटे दाराजवळ, पण माश्यांच्या वाटेपासून बाजूला बसून, परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवरील परागाच्या गोळ्यांचे रंग टिपावेत: पिवळा, पांढुरका, केशरी, कधी करडा. त्याच दिवशी आसपास कोणते झाड फुलले आहे ते पाहून रंगासमोर त्याचे नाव लिहावे. ज्या आठवड्यांत दाराशी गोळ्या आणणारी माशी क्वचितच दिसते, त्या आठवड्यांना फुलणारे झाड पुढच्या जूनमध्ये गल्लीत लावावे.