फायलींची पाखडण

जप्त केलेला लॅपटॉप तपासनिसाच्या टेबलावर येतो तेव्हा त्यात लाखो फायली असू शकतात. गुन्ह्याशी संबंध असलेल्या त्यांतल्या कदाचित पाच-दहाच. बऱ्याचशा विंडोजच्या, ऑफिसच्या, ब्राउझरच्या, इतर असंख्य संगणकांवर हुबेहूब तशाच असलेल्या. त्या एकेक उघडत बसायचं म्हटलं तर वर्ष सरेल. म्हणून आधी त्या पाखडून बाजूला काढतात. त्यासाठीचं सूप म्हणजे हॅश.

इथे फायलीच्या नावावर विसंबता येत नाही. काळ्या पैशाच्या हिशेबाला कुणीही विंडोजच्या डीएलएल फायलीचं नाव देऊ शकतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हॅश नावाकडे बघतच नाही. तो आतला मजकूर पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत गणितातून काढतो आणि ठराविक लांबीचं उत्तर देतो. एसएचए-२५६ पद्धतीत ते २५६ बिटांचं, म्हणजे ६४ चिन्हांचं. फाइल दोन केबीची असो की दोन जीबीची, चिन्हं ६४च. आत एक बिट बदलला तरी उत्तरातले साधारण निम्मे बिट उलटतात. अगदी रिकाम्या फायलीलाही हॅश असतो आणि तो 'ई३बी०सी४४२' असा सुरू होतो.

हा हॅश ताडून बघायचा कशाशी? अमेरिकेची 'निस्ट' ही मानक संस्था 'नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी' चालवते. तिथे सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती जमवतात, त्यांतल्या फायलींचे हॅश काढतात आणि कोणती फाइल कुठल्या पॅकेजमधली, हे नोंदवतात. ही यादी कुणालाही फुकट मिळते. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

मात्र यादीत सापडलेली फाइल ओळखीची असते, सज्जन असेलच असं नाही. त्या यादीत हॅकिंगची साधनंही आहेत.

एमडी५ ही हॅश काढायची जुनी पद्धत २००४ साली मोडली, एसएचए-१ या दुसऱ्या पद्धतीची पाळी २०१७ला आली. तरी त्यात एक बारकावा आहे. मोडली म्हणजे एकच हॅश असलेल्या दोन वेगवेगळ्या नव्या फायली मुद्दाम घडवता आल्या. आधीच असलेल्या फायलीच्या हॅशशी जुळणारी दुसरी फाइल घडवणं त्याहून कितीतरी अवघड, आणि ते अजून कुणी करून दाखवलेलं नाही. नव्या नोंदींसाठी एसएचए-२५६च बरा.

पाखडून उरतो तो अनोळखी फायलींचा ढीग. कालच अपडेट झालेलं निरुपद्रवी सॉफ्टवेअरही त्यातच पडतं, कारण एक बाइट बदलला की ओळख गेली. आणि डीएलएलचं नाव लावून बसलेला तो हिशेबही तिथेच सापडतो.