भीमाशंकरच्या जंगलात आमच्यासोबत येताना

आमच्याकडे नाव नोंदवणाऱ्या बहुतेकांना शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, बघायचं असतं. साहजिकच आहे. महाराष्ट्राच्या या राज्यप्राण्याचं घर जपायला 1985 साली भीमाशंकर अभयारण्य झालं. पण शेकरू दिसतं ते थांबणाऱ्याला. म्हणून मंदिरापासून गुप्त भीमाशंकरपर्यंतच्या छोट्याशा वाटेला आम्ही अख्खी सकाळ देतो.

चालताना अधूनमधून थांबून वर बघा. इथली झाडं फार उंच नाहीत, पण अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या फांद्या एकमेकींत अशा गुंतल्यात की शेकरूला जमिनीवर उतरायची फारशी गरजच पडत नाही. काटक्या-पानांचं गोल घरटं ते बारीक फांद्यांच्या टोकाशी बांधतं, तेही एक नाही, अनेक. त्यामुळे घरट्यापेक्षा वाटेकडे लक्ष ठेवा. ताज्या साली, अर्धवट कुरतडलेली फळं पडलेली दिसली की तिथेच थबका, बोलू नका. बरेचदा ते डोक्यावरच असतं: मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलेलं, पुढच्या पंजांत फळ, आणि झुपकेदार शेपटी तोल सांभाळत सोडलेली.

उन्हाळ्याच्या तोंडाला अंजनीच्या काड्यांना चिकटून निळे-जांभळे झुबके येतात. आम्हाला हा मोसम सगळ्यांत आवडतो, गर्दीही कमी असते. हिरड्याखाली पडलेलं फळ मात्र उचलू नका. बाळहिरडा, म्हणजे कोवळं हिरड्याचं फळ, गोळा करून विकणं हा इथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हक्काच्या कमाईचा भाग आहे. आमचे वाटाडे याच वाड्यांतले आहेत. भेकराचा ठसा कुठला, रानडुकराने उकरलेली माती कुठली, हे ते चालता चालता दाखवतात.

पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट चमकते, त्याबद्दल खूप विचारणा होते. पण अंधारात त्या लाकडांवर पाय पडतात, जनावरं बिथरतात. आम्ही रात्रफेरी ठेवत नाही.

कोकणातून चढायचं असेल तर खांडसहून दोन वाटा आहेत, पदरवाडीला एकत्र येतात. शिडी घाट जवळचा, पण खड्या कातळाचा. पावसात तिथून आम्ही कुणालाही नेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. गणेश घाट लांबचा, पण पोराबाळांना झेपणारा.

कपडे मातकट किंवा हिरवे घाला. दुर्बीण आमच्याकडे मिळेल. पाणी दोन लिटर, डबा घरचा. माकडांना काही देऊ नका. पहाटे साडेपाचला निघतो.