भूवैविध्य वेगळे, पर्यटनक्षमता वेगळी: निघोज आणि लोणार

‘येथे विपुल भूवैविध्य असल्याने पर्यटनास मोठा वाव आहे’ हे वाक्य नैसर्गिक स्थळांच्या विकास आराखड्यांत हमखास आढळते. पहिल्या गोष्टीवरून दुसरी सिद्ध होत नाही, तरीही दोन्हींचे गुण बिनदिक्कत एकाच बेरजेत धरले जातात.

पर्यटनक्षमता सर्वांच्या परिचयाची आहे: रस्ता, मुक्काम, स्वच्छतागृहे, सुरक्षितता आणि गर्दी पेलण्याची ताकद. भूवैविध्य पाहताना मात्र पर्यटकाला पूर्णपणे बाजूला ठेवावे लागते. खडक, खनिजे, भूरूपे, माती, जलस्रोत आणि त्यांना घडवणाऱ्या प्रक्रिया यांचे किती प्रकार त्या जागेत आहेत, एवढाच तेथे प्रश्न असतो. सौंदर्य आणि भव्यता यांना त्यात गुण नाहीत.

निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहून डोळ्यांचे पारणे फिटते. तरीही खडक एकच, लाव्हा थिजून बनलेला बेसाल्ट, आणि मुख्य प्रक्रियाही एकच: भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून खडक कोरत जातात. वैविध्य माफक, पण पर्यटनक्षमता उत्तम, कारण खळगे काठावरूनच दिसतात, मळगंगेच्या मंदिरामुळे वाट रुळलेली आहे आणि खळग्यातल्या गोट्यांकडे बोट दाखवून शाळकरी मुलालाही सारे समजावता येते.

लोणारचे तसे नाही. उल्का आदळून बनलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या आघातविवरात बेसाल्टचे थर, काठाशी वर उचलले गेलेले त्यांचे पदर, बाहेर फेकला गेलेला मलबा, आघाताने वितळून बनलेली काच, तळाशी अल्कधर्मी खारे पाणी आणि त्याच विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरे आहेत. परंतु आघाताचा भक्कम पुरावा, म्हणजे प्रचंड दाबाने स्फटिकरचना गमावलेले फेल्डस्पार हे खनिज, खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय ओळखता येत नाही. आणि काठाबाहेर पसरलेला मलबा पर्यटकाला साधा मातीदगड वाटतो. २०२० मध्ये लोणारला मिळालेला रामसर दर्जाही भूवैविध्याचा दाखला म्हणून पुढे केला जातो, हे मला विशेष खटकते. तो दर्जा पाणथळ जागेचा आहे.

म्हणूनच माझा आग्रह असा, की गुण संपूर्ण स्थळाला न देता त्यातील प्रत्येक जागेला द्यावेत, तक्त्यात भूवैविध्य आणि पर्यटनक्षमता यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत आणि झीज सोसण्याच्या क्षमतेसाठी तिसरा रकाना असावा. तसे केले, तर निरीक्षण मनोरा विवराच्या काठावर कोठे उभारावा आणि मलब्याच्या कोणत्या उघड्या थरांवर वाहनतळ मुळीच करू नये, हे त्याच तक्त्यावरून ठरवता येईल.