नाशिकमधून एफटीआयआर-एटीआर चाचणीसाठी सॅम्पल पाठवताना: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

एमएस्सी किंवा पीएचडीचे विद्यार्थी, प्राध्यापक आणि सातपूर-अंबडमधले कारखानदार, तिघांनाही विद्यापीठे व आयआयटींमधली अवरक्त परावर्तनाची उपकरणे वापरता येतात. एफटीआयआर म्हणजे पदार्थ कोणते अवरक्त किरण शोषतो हे पाहून तो ओळखायची चाचणी, आणि एटीआर ही ती परावर्तनाने करायची एक पद्धत. यंत्रावर स्वतः बसायची गरज नाही. सॅम्पल कुरिअरने पाठवले तरी बहुतेक ठिकाणी चालते. दर मात्र सारखे नसतात: विद्यार्थ्यांना सर्वांत कमी, उद्योगांना सर्वांत जास्त, वर जीएसटी.

उपकरण शोधायला केंद्र सरकारचे आय-स्टेम पोर्टल आहे. जानेवारी २०२० मध्ये ते सुरू झाले. तिथे खाते उघडून उपकरणाचे नाव टाकले की कोणत्या संस्थेत ते आहे ते दिसते. नाशिककरांना सोयीचे पडते पुणे किंवा मुंबई. पवईला आयआयटीमध्ये सैफ हे अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांचे केंद्र आहे, त्याचा अर्ज त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनही करता येतो.

कागदपत्रे थोडीच. विद्यार्थ्याला कॉलेजचे ओळखपत्र आणि मार्गदर्शक किंवा विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचे पत्र लागते. कंपनीने लेटरहेडवर विनंतीपत्र आणि जीएसटी क्रमांक द्यावा. सॅम्पल विषारी, ज्वलनशील किंवा उग्र वासाचे असेल तर सुरक्षा माहितीपत्रक जोडावेच, नाहीतर पाकीट उघडतही नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

खरी अडचण येते ती सॅम्पलच्या माहितीच्या फॉर्ममध्ये. ‘एफटीआयआर करून द्या’ एवढेच लिहून पाठवणारे पुष्कळ. तंत्रज्ञाला पद्धत कळायला हवी. एटीआरमध्ये सॅम्पल हिऱ्याच्या स्फटिकावर दाबतात, किरण आतल्या आत परावर्तित होतो आणि सॅम्पलमध्ये जेमतेम एक-दोन मायक्रॉन शिरतो. म्हणजे रंगाचा थर दिलेल्या पत्र्याचा वर्णपट (कोणते किरण किती शोषले याचा आलेख) मागाल तर फक्त वरचा रंग दिसेल. पूड असेल आणि विखुरलेल्या परावर्तनाची पद्धत हवी असेल तर तसे लिहा. त्यासाठी पूड पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळतात. मोजणीची कक्षा साधारण ४००० ते ४०० प्रति सेंमी (एका सेंमीत किती तरंग बसतात तो आकडा). एटीआरला चिमूटभर पूड किंवा थेंबभर द्रव पुरतो, तरी थोडे जास्त पाठवावे.

सॅम्पल कोरडे हवे. ओलावा राहिला की ३३०० आणि १६४० प्रति सेंमीच्या आसपास पाण्याच्या शोषणाचे पट्टे उमटतात आणि तुमचे पट्टे त्याखाली झाकले जातात. मीठ किंवा शुद्ध धातू पाठवून उपयोग नाही, या कक्षेत त्यांना दाखवण्यासारखे काही नसते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांसाठी एक सूचना. मण्यांवर कीटकनाशकाचा अंश किती, हे या यंत्रावर कळत नाही. तो दर किलोला मिलिग्रॅमच्या अंशात मोजावा लागतो आणि एफटीआयआर तेवढे बारीक पाहू शकत नाही. निर्यातीच्या मालासाठी अपेडाने (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतलाच अहवाल चालतो. संशोधन केंद्राचा अहवाल अभ्यासाला उपयोगी, कायदेशीर प्रमाणपत्राच्या जागी धरू नये.

अर्ज मंजूर झाल्यावर ऑनलाइन शुल्क भरून पावतीची प्रत सॅम्पलसोबत ठेवा. प्रत्येक कुपीवर अर्जातलाच कोड लिहा, घरगुती टोपणनाव नको. निकाल मागताना पीडीएफबरोबर आकडेवारीची सीएसव्ही फाइलही मागा, कारण चित्रावरून पुन्हा आलेख काढणे म्हणजे निव्वळ डोकेदुखी.