बाउंड्री वॉटर्समधला छोट्या गटाचा कनू-मुक्काम

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला खेटून असलेल्या बाउंड्री वॉटर्स कनू एरिया वाइल्डरनेस या संरक्षित रानात कनू (वल्ह्यानं चालवायची निमुळती, हलकी होडी) घेऊन, सगळं सामान बरोबर वाहून, ठरलेल्या जागी तंबू ठोकत काही रात्री काढायची पद्धत. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या, हा इथला सगळ्यात ठळक नियम. तो फक्त परमिटवरच्या आकड्यापुरता नाही, पाण्यावर, पायवाटेवर, कॅम्पसाइटवर, कुठेही कुठल्याही क्षणी नऊपेक्षा जास्त माणसं एकत्र दिसता कामा नयेत, म्हणजे ओळखीच्या दोन गटांनी दुपारचं जेवण एकत्र करायचं ठरवलं आणि बेरीज दहा झाली तर तोही नियमभंगच. सीमेपलीकडे कॅनडाच्या ऑंटारियो प्रांतातल्या क्वेटिको पार्कमध्येही मर्यादा नऊचीच आहे.

हे रान सुपिरियर राष्ट्रीय वनाचा भाग आहे. क्षेत्र 10 लाख एकरांहून थोडं जास्त, तळी 1,100 च्या वर, आणि ठरवून दिलेल्या कॅम्पसाइट साधारण 2,000. खालचा खडक कॅनेडियन शील्डचा, म्हणजे पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी, काही ठिकाणी त्याचं वय सुमारे 270 कोटी वर्षं धरतात. हिमयुगातल्या बर्फानं तो घासून काढला, खड्ड्यांत पाणी साठून तळी झाली, आणि बर्फ मागे हटल्यावरच्या दहाएक हजार वर्षांत वर जेमतेम पातळसा मातीचा थर जमला. पुढे येणारे बहुतेक नियम या पातळ मातीपाशी येऊन थांबतात, म्हणून ती आधीच सांगितली. इथे झाडाची मुळं खोल जाऊ शकत नाहीत, आडवी पसरतात, त्यामुळे एकाच जागी माणसं चालत राहिली की माती निघून जाते, मुळं उघडी पडतात, आणि मग ती माती परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

संरक्षणाची कल्पना नेमकी कुणाची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. राष्ट्रीय वन 1909 मध्ये जाहीर झालं, क्वेटिकोचं राखीव रानही त्याच वर्षीचं. वन खात्यानं लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून नेमलेला आर्थर कारहार्ट 1919 पासूनच्या काही वर्षांत इथे फिरला आणि तळ्यांच्या काठाने रस्ते न करता हा भाग पाण्यावरून फिरण्यासाठी ठेवावा असं त्यानं सुचवलं. दुसरीकडे अमेरिकेतलं पहिलं प्रशासकीय ‘वाइल्डरनेस’ म्हणून न्यू मेक्सिकोतल्या गिलाचं नाव घेतलं जातं, ते 1924 चं, आणि त्यामागे वन खात्यातलाच आल्डो लिओपोल्ड. त्यामुळे या विचाराचा जनक कारहार्ट की लिओपोल्ड, हा वाद जुना आहे. दोघं 1919 च्या डिसेंबरात डेन्व्हरला भेटले होते, तेव्हा कुणी कुणाला काय दिलं हे वेगळं काढणं अवघडच. तरी कारहार्टचा भर लोक तिथे कसे फिरतील यावर होता आणि लिओपोल्डचा सलग मोठ्या बिनरस्त्याच्या प्रदेशावर, हा फरक धरला तर बाउंड्री वॉटर्सच्या आजच्या रूपावर कारहार्टची छाप जास्त दिसते असं म्हणायला हरकत नाही. स्वतः लिओपोल्डही 1924 मध्ये क्वेटिकोत कनू घेऊन फिरून आला होता.

पुढचं मात्र कागदोपत्री स्पष्ट आहे. 1926 मध्ये कृषिमंत्री जार्डीन यांनी मोठा भाग बिनरस्त्याचा ठेवायचं धोरण जाहीर केलं. 1930 च्या शिपस्टेड-नोलन कायद्यानं तळ्यांच्या काठापासून 400 फुटांपर्यंत लाकूडतोड बंद केली आणि धरणं बांधून पाण्याची पातळी बदलण्यालाही आळा घातला. दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्री विमानांतून थेट आतल्या तळ्यांवर उतरून मासेमारी करायची टूम निघाली, तेव्हा डिसेंबर 1949 मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढून समुद्रसपाटीपासून 4,000 फुटांच्या खाली इथे विमानं उडवायला बंदी घातली, निसर्गाच्या शांततेसाठी आकाशाला हद्द घालायचा हा प्रकार त्या काळात नवाच होता. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्यात हा भाग आला, पण मोटरबोटी आणि लाकूडतोड यांना सवलती ठेवून. त्या बऱ्याचशा काढल्या 1978 च्या कायद्यानं, लाकूडतोड बंद झाली आणि मोटर साधारण चौथाई पाण्यापुरती राहिली. त्या कायद्यावरून जवळच्या ईली गावात जी कटुता झाली ती अजून पूर्ण गेलेली नाही.

आता नऊच का? आधी मर्यादा दहाची होती, 1990 च्या दशकात ती नऊ झाली. एक स्पष्टीकरण असं की गट जितका लहान तितकी जमिनीची झीज कमी. ऐकायला बरोबर वाटतं आणि माहितीपत्रकांतही बहुधा हेच असतं, पण इथल्याच संशोधनाशी ते नीट जुळत नाही. फ्रिसेल आणि डंकन यांनी 1965 मध्ये याच तळ्यांच्या प्रदेशातल्या कॅम्पसाइटचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की अगदी हलक्या वापरानंही जमिनीवरची बहुतेक हिरवळ जाते. पुढे मेरियम आणि सहकाऱ्यांनी नव्यानंच उघडलेल्या कॅम्पसाइटवर लक्ष ठेवलं, तेव्हाही मोठा बदल पहिल्या एकदोन वर्षांतच झाला, नंतर वापर वाढला तरी नुकसान त्या प्रमाणात वाढलं नाही. म्हणजे आधीच झिजलेल्या जागेवर सहा माणसं झोपली काय आणि नऊ झोपली काय, फरक थोडा, पण नव्या कोऱ्या शेवाळलेल्या खडकावर दोन माणसांनी दोन रात्री काढल्या तर तिथलं बरंच काही कायमचं जातं.

त्यामुळे आकड्याचं खरं कारण सामाजिक असावं हा दुसरा पक्ष जास्त पटतो. संशोधक रॉबर्ट लुकास यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इथे येणाऱ्यांना ‘रान कुठून सुरू होतं’ असं विचारलं होतं, तर मोटरबोटवाल्यांना ते रस्ता संपताच लागायचं, कनूवाल्यांना मात्र मोटरचा आवाज मागे पडल्यावर. आणि 1973 मध्ये जॉर्ज स्टँकी यांना आढळलं की एक मोठा गट भेटण्यापेक्षा बरेच छोटे गट भेटलेले लोकांना चालतात. शिवाय एक साधी अडचण आहेच, इथल्या कॅम्पसाइटवर तीनचार तंबूंपुरतीच सपाट जागा असते, माणसं जास्त झाली की कडेची झुडपं तुडवून जागा वाढवली जाते आणि साइट बाहेर बाहेर पसरत जाते. एवढ्यापुरता झिजेचा मुद्दा गटाच्या आकाराला लागू होतो.

म्हणूनच मुक्काम ठरलेल्या जागीच करायचा, हा नियम नऊच्या आकड्याइतकाच, खरं तर त्याहून महत्त्वाचा आहे. अशी जागा ओळखायची खूण म्हणजे जमिनीत पक्की रोवलेली लोखंडी जाळीची चूल, आणि मागे झाडीत पायवाटेच्या टोकाला उघड्यावरचा, भिंती नसलेला, झाकणाचा संडास. विस्तव फक्त त्या जाळीत. लाकूड फक्त मेलेलं आणि खाली पडलेलं, तेही काठापासून आत जाऊन गोळा करायचं, कारण कॅम्पजवळचं सगळ्यांनी आधीच उचललेलं असतं. साबण, भांडी, आंघोळ तळ्यापासून किमान 150 फूट लांब, साबण ‘बायोडिग्रेडेबल’ असला तरी. टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या 1971 पासून आत न्यायला बंदी आहे, खाणं पिशव्यांत किंवा पुन्हा वापरायच्या डब्यांत बांधून न्यायचं. काळी अस्वलं असल्यामुळे रात्री खाणं एकतर अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात किंवा खोडापासून लांब उंच टांगून. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामासाठी प्रत्येक प्रवेशठिकाणाचा रोजचा कोटा असतो, परमिटवर लिहिलेल्या दिवशी आणि लिहिलेल्या ठिकाणाहूनच आत जाता येतं, पुढे कुठे जायचं ते तुमचं तुम्ही.

दोन तळ्यांमधल्या पायवाटेला पोर्टेज म्हणतात आणि तिची लांबी आजही नकाशावर रॉडमध्ये छापतात, 1 रॉड म्हणजे साडेसोळा फूट. याचं कारण म्हणून रॉड साधारण एका कनूइतका लांब असतो असं जवळजवळ सगळीकडे सांगितलं जातं. आजच्या प्रवासी कनू 17 ते साडेअठरा फुटांच्या असतात, तेव्हा मेळ बरा बसतो, पण जुन्या फर व्यापारातल्या, म्हणजे प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापारातल्या, होड्या याहून खूप मोठ्या होत्या, उत्तरेकडची होडी 25 फुटांच्या आसपास आणि माँट्रियलची 36 फुटांपर्यंत. अमेरिकेतल्या जमीनमोजणीची साखळी मात्र 66 फुटांची, म्हणजे बरोबर 4 रॉड, आणि 320 रॉडचा एक मैल. मोजणीवाल्यांकडून हे माप नकाशांवर आलं आणि अंतरं छोटी असल्यामुळे टिकलं, हेच जास्त संभवतं. पोर्टेजवर बहुतेक जण दोन फेऱ्या करतात, एकीत पाठीवरची मोठी पिशवी, दुसरीत कनू उलटी करून खांद्यावर. मधल्या आडव्या पट्टीचे गादीचे दोन तुकडे खांद्यावर बसतात, समोर फक्त पायाखालची चारसहा फूट वाट दिसते, म्हणून कनूचं नाक थोडं वर उचलून चालायचं. केव्हलार या हलक्या, मजबूत धाग्याची कनू 40 ते 45 पौंडांत मिळते, जुन्या ॲल्युमिनियमच्या त्याहून बऱ्याच जड. काठाशी आल्यावर पाण्यात उतरून तरंगत्या होडीत सामान भरायचं, होडी खडकावर ओढायची नाही, याला इथले लोक फार जपतात, होडीसाठीही आणि खडकासाठीही.

या वाटा प्रवाशांनी किंवा वन खात्यानं शोधलेल्या नाहीत. बर्च झाडाच्या सालीची, सीडरच्या फासळ्यांची आणि स्प्रूसच्या मुळांनी शिवलेली कनू इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांची, बऱ्याचशा पोर्टेज-वाटाही त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्यांच्या, फर व्यापारी अठराव्या शतकात त्यांच्याच मागून गेले. 1854 च्या करारानं हा प्रदेश अमेरिकेकडे गेला, पण शिकार, मासेमारी आणि रानातलं गोळा करायचा हक्क ग्रँड पोर्टेज, फाँड द्यू लाक आणि बोआ फोर्ट या ओजिब्वे समूहांनी राखून ठेवला आणि तो आजही लागू आहे. उथळ पाण्यातला रानभात दिसला तर त्यातून होडी घालू नये, हे त्यामुळे फक्त शिष्टाचाराचं राहत नाही. हेगमन तळ्यासारख्या ठिकाणी कड्यांवर गेरूनं काढलेली चित्रं आहेत, मूस (मोठ्या जातीचं हरीण), माणूस, होड्या. त्यांचं वय ठरवणं कठीण, काही शे वर्षं जुनी असावीत असा सर्वसाधारण अंदाज, याहून नेमकं वय सांगणाऱ्या आकड्यांकडे जपूनच पाहावं. हात लावू नये, पाणी उडवू नये, होडीतूनच बघावं.

हिवाळ्यात कोटा नसतो, कनूऐवजी स्की, स्नोशू किंवा कुत्र्यांची स्लेज, आणि मुक्काम बहुधा गोठलेल्या तळ्यावर. नऊची मर्यादा तेव्हाही असते. वणव्यांमुळे मात्र उन्हाळ्यातही बेत कोलमडू शकतो, 2011 च्या पगामी क्रीक वणव्यात 90,000 एकरांहून जास्त जळलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये तर सगळं क्षेत्रच काही दिवस बंद ठेवावं लागलं. अलीकडे परमिट देताना बाहेरच्या जीवांबद्दलही बजावतात, विशेषतः काटेरी पाणपिसू, ती मासेमारीच्या दोरीला लगद्यासारखी चिकटून एका तळ्यातून दुसऱ्यात जाते. दोरी पुसून आणि सामान पूर्ण सुकवून मगच पुढच्या पाण्यात उतरायचं, आणि पोर्टेजच्या टोकाला थांबून दोरी पुसायला तर दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.