शिसे कडक करण्याची विद्या: पिस्तुलाची गोळी आणि काळबादेवीचा खिळा

पिस्तुलाच्या गोळ्या घरी ओतण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे. मऊ शिशाला कडकपणा यावा म्हणून हे हौशी लोक छापखान्यांतून बाद झालेल्या लायनोटाइपच्या (अक्षरांची अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या यंत्राच्या) धातूवर डोळा ठेवून असत. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा त्या हौसेचा इथे प्रश्नच नाही. पण तो धातू मुंबईच्या चांगल्या ओळखीचा.

शुद्ध शिसे नखानेही ओरखडते. ब्रिनेल मापाने त्याची कठीणता ५च्या आसपास, तर लायनोटाइपच्या धातूची २०च्या वर. काळ्या दारूच्या जमान्यात हा मऊपणा उलट सोयीचाच होता. १८४९च्या सुमाराला फ्रान्समध्ये निघालेली मिनिए गोळी तळाशी पोकळ असे. दारू पेटली की तिचे बूड फुलून नळीतल्या आट्यांत घट्ट बसे, आणि त्यासाठी शिसे मऊच लागे. १८५७ साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला, त्या एनफिल्ड बंदुकीची गोळी याच जातकुळीतली. १८८४मध्ये बिनधुराची दारू आली, वेग वाढला, आणि मऊ शिसे नळीच्या आतून माखू लागले. रायफलच्या गोळ्यांवर तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टण चढले. पिस्तुलाचा वेग त्या मानाने कमी, तिथे कडक केलेले शिसे पुरे पडे.

ते कडक करण्याची विद्या मात्र बंदूकवाल्यांची नव्हे. ती मुद्रकांकडे पंधराव्या शतकापासून होती. शिशात अँटिमनी हा ठिसूळ धातू घातला की ते कठीण होते, आणि निवताना आकसते कमी, त्यामुळे साच्याचे कोपरे नीट भरतात. पण अँटिमनी जास्त झाले की धातू ठिसूळ. कथील त्याला चिवटपणा देते आणि रस पातळ ठेवते. लायनोटाइपच्या धातूत साधारण ८४ भाग शिसे, १२ अँटिमनी आणि ४ कथील. शिसे एकटे ३२७ अंशांना वितळते, हे मिश्रण २४०च्या आसपासच. मिसळल्याने धातू कठीणही व्हावा आणि लवकर वितळावाही, हे मला आजही नवलाचे वाटते.

मुंबईत ही विद्या रुजायला वेळ लागला. व्यापारी भीमजी पारेख यांच्या खटपटीमुळे ईस्ट इंडिया कंपनीने १६७४मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक इथे धाडला. त्याला छापता येत होते, पण देशी अक्षरे कोरता-ओतता येईनात, आणि बेत तिथेच बारगळला. पुढे १८१६-१७च्या सुमाराला अमेरिकन मिशनने छापखाना काढला, तेव्हा देवनागरी खिळे, म्हणजे धातूत ओतलेली छपाईची सुटी अक्षरे, थेट कलकत्त्याहून आणावे लागले. मुद्रक गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून. खिळ्यांकडे ते नंतर वळले. मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम अक्षरे कोरायला शिकला, आणि तिथेच जावजी दादाजी (१८३९–१८९२) हा पोरगा दरमहा दोन रुपयांवर खिळे घासायला लागला. ओतलेल्या खिळ्याची कड घासणे म्हणजे धातूची परीक्षा रोज बोटांनी घेणे. याच जावजींनी १८६४मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९मध्ये काळबादेवीचा निर्णयसागर छापखाना. अक्षरे कोरायला जोडीला राणोजी रावजी आरू होते.

देवनागरीला हा कडकपणा रोमनपेक्षा जास्त का लागतो, ते खिळा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. रोमन अक्षर बहुतेक वेळा आपल्या चौकटीत गुमान बसते. आपली वेलांटी, रफार, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर डोके काढतात. काही खिळ्यांत हा भाग दांड्याबाहेर अधांतरी लोंबे. धातू मऊ असेल तर तो छापताना वाकणार, ठिसूळ असेल तर तुटणार. शिवाय शिरोरेषा एका खिळ्यावरून दुसऱ्यावर सलग दिसली पाहिजे. कड जरा झिजली की ओळीला दात पडल्यासारखी फट दिसते. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांतल्या नेटक्या ओळींचे श्रेय कोरणाऱ्याला मिळते, ते योग्यच. भट्टीपाशी मूस सांभाळणाऱ्याचे नाव कुठे छापलेले नसते.

मुंबईतच जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) लंडनला गेले आणि त्यांनी खिळे ओतण्याचे यंत्रच बनवले. सर रतन टाटांनी त्यात पैसा घातला होता.

शिशाची दुसरी बाजू पोटात जाते. छापखान्यातला पोटशूळ आणि काळवंडलेल्या हिरड्या जुन्याच. १९४८च्या कारखाना कायद्यातल्या, सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती. घरात, स्वयंपाकाच्या शेगडीवर शिसे वितळवण्याची कल्पना मला म्हणूनच झेपत नाही.

ऑफसेट आणि संगणक आल्यावर खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. अमेरिकेत ते गोळ्या ओतणाऱ्यांनी उचलले. इथे भंगारवाल्यांच्या भट्टीत शिसे पुन्हा शिसे झाले. गाडीच्या जुन्या धर्तीच्या बॅटरीतल्या जाळीलाही अँटिमनी घातलेलेच शिसे लागे.