डोक्याचा मार की मनाची खचण? कन्कशननंतरची चिडचिड ओळखताना

डोक्याला मार लागून कन्कशन (मेंदूला बसलेला धक्का) झालेलं मूल तीन आठवड्यांनंतरही चिडचिड करतं, नीट झोपत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, दिवसभर दमलेलं दिसतं. हा त्रास मेंदूला बसलेल्या धक्क्याचा की नैराश्याचा? ही चारही लक्षणं दोन्हींत असतात. सीटी स्कॅनही निवाडा करत नाही, कन्कशनमध्ये तो बहुधा नॉर्मलच येतो.

मला सर्वांत उपयोगी वाटते ती खूण अशी: त्रास कशाने वाढतो ते पाहा. कन्कशनचा त्रास श्रमामागून येतो. बराच वेळ वाचलं, मोबाइल पाहिला, गोंगाटात बसलं की डोकं ठणकतं, गरगरतं, मग मूल चिडतं. थोडं थांबलं की उतार पडतो. नैराश्य विश्रांतीने हटत नाही. डोक्याला अजिबात ताण नसलेल्या गोष्टींतला, आवडत्या मित्राशी गप्पा मारण्यातलाही, रस आटतो. ‘मी आता पूर्वीसारखा होणारच नाही’ असं मूल बोलू लागतं. काळाची चालही वेगळी असते. कन्कशनची लक्षणं सहसा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत दिसतात आणि हळूहळू ओसरतात; बहुतेक मुलं सुमारे ४ आठवड्यांत बरी होतात. सावरत आलेलं मूल मध्येच खचू लागलं, तर मनाची विचारपूस लांबवू नये.

धास्तीमुळे शाळेत जायच्या नुसत्या विचारानेही डोकं दुखू शकतं. तेही दुखणं खरंच असतं, त्याला नाटक म्हणू नये.

पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात, आणि कधी आपण घेतलेली काळजीच भर घालते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ ते २२ वर्षांच्या रुग्णांपैकी काहींना ५ दिवस कडक विश्रांती दिली, तर इतरांना एक-दोन दिवसांनंतर टप्प्याटप्प्याने हालचाल करू दिली. कडक विश्रांती घेणाऱ्यांनी जास्त लक्षणं नोंदवली. मित्र, मैदान, वर्ग सगळं एकदम तुटलं तर मुलाचं मनही ढासळेल, यात नवल नाही. आता पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग चालण्यासारखी हलकी हालचाल आणि जमेल तेवढी शाळा, असा सल्ला देतात. डोक्याला पुन्हा मार लागू शकेल असे खेळ मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

म्हणून ‘आधी डोकं बरं होऊ दे, मग मनाचं बघू’ हे मला पटत नाही. आधीपासून चिंता किंवा नैराश्य असलेल्या मुलांची लक्षणं लांबण्याचा धोका जास्त असतो. त्यांच्यासाठी समुपदेशकाची भेट लवकर ठरवावी. लक्षणं महिन्यापुढे रेंगाळली, तर कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा, उपयोग होऊ शकतो. घरच्यांनी रोज दहादा ‘डोकं दुखतंय का?’ विचारण्यापेक्षा ‘आज काय करावंसं वाटतंय?’ असं विचारावं.

वारंवार उलट्या, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा गुंगी दिसली, तर थेट इमर्जन्सी गाठा. मुलाने जगणं नको असल्याचं बोलून दाखवलं, तर तीही तितकीच तातडी आहे. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.